कुत्र्याचे शिक्षण : घरी की शाळेत?

(काष्टी येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय वाचून काही मंडळींना हसू आले असेल. ज्या व्यासपीठावरून एक दिवस सहकारावर आणि एक दिवस संतवाङ्मयावर बोलायचे, तेथे कुत्र्याच्या शिक्षणाला एक संध्याकाळ कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. शिवाय गाव काष्टी. ज्या गावचा शनिवारचा जनावरांचा बाजार साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे, तेथे येऊन जनावरांच्या शिक्षणावर बोलणे म्हणजे आळंदीत ज्ञानेश्वरी सांगण्यासारखेच आहे. खोंडाच्या तोंडाकडे एकवार पाहून त्याचे वय सांगणारे जाणते लोक या सभेत बसले आहेत. त्यांना आम्ही काय शिकवणार? परंतु त्यांच्याच ज्ञानाच्या आधारावर आज चार गोष्टी मांडाव्यात असा आमचा विचार आहे.

बाजारात बैल घेताना आपण काय काय विचारतो? शिकवलेला आहे का? उजव्या अंगाला चालतो की डाव्या? मारका तर नाही ना? गाडीला जुंपून दाखवा, चालवून दाखवा. बैल पसंत पडला तरी घरी नेल्यावर पहिल्याच दिवशी कोणी त्याला अवघड कामाला लावीत नाही. त्याला नव्या धन्याचा आवाज, नवा गोठा, नवा जोडीदार ओळखीचा व्हावा लागतो. कुत्रा घरी आणताना मात्र यांपैकी एकही प्रश्न आपण विचारीत नाही. रंग पाहतो, कान पाहतो, जात विचारतो, आणि पिल्लू पिशवीत घालून घरी आणतो. पुढे ते पिल्लू वर्षाचे झाले, आल्यागेल्याच्या अंगावर जाऊ लागले, म्हणजे मग घरात विचार सुरू होतो : याला आता शिकवायचे कोणी? आपणच शिकवावे, की पुण्याला किंवा नगरला एखाद्या शाळेत ठेवावे?

आजचा प्रश्न तो हाच. पूर्वी तो नव्हता, कारण पूर्वी गावातला कुत्रा गावात वाढे व गावाकडूनच शिके. आता लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशी मोठ्या शक्तीची जनावरे वस्तीवस्तीवर आणि बंगल्याबंगल्यात आली आहेत. शहरांतून शिकवणीचे वर्ग निघाले आहेत. काही शिक्षक घरी येऊन शिकवतात, तर काही ठिकाणी कुत्रा महिना-दोन महिने ठेवून घेतात आणि ‘शिकवून’ परत देतात. या धंद्याला वकिलीसारखी सनद लागत नाही. ज्याला वाटेल त्याने पाटी लावावी. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी विचार केलेला बरा.

आपल्या परंपरेने कुत्र्याचा मान पुष्कळ ठेवला आहे. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार दिला. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे असतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या ‘खंड्या’ नावाच्या कुत्र्याने त्यांना वाघापासून वाचवले व महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. मान असा मोठा. पण व्यवहारात आपल्या म्हणी काय सांगतात? ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच.’ म्हणजे त्याला शिकवणे व्यर्थ. ज्याला आपण देवाजवळ बसवले त्याला शिकवता येते, हे मात्र आपण मनापासून कधी मानले नाही. शेपटाचे असो, कुत्र्याची बुद्धी नळीत घालून सरळ होत नाही हे खरे. ती वेगळ्या रीतीने सरळ होते.

ती रीत कोणती, हे थोडक्यात पाहू. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल. पण त्यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते त्यांच्या कुत्र्यांमुळे. अन्न येण्यापूर्वी दर वेळी एक ठरावीक खूण झाली, तर पुढे नुसत्या त्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, असे त्यांनी दाखवले. तात्पर्य, कुत्रा आपले व्याख्यान ऐकत नाही. एका गोष्टीमागून लगेच दुसरी कोणती आली, एवढेच तो ध्यानात ठेवतो. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एक-दोन क्षणांत जे घडेल त्याचा संबंध तो जोडील. सकाळी चप्पल फाडली आणि संध्याकाळी मालकाने तीच चप्पल नाकापुढे धरून मारले, तर त्याला चपलेचा धडा मिळत नाही. संध्याकाळी घरी येणाऱ्या मालकापासून जपून राहावे, हा धडा मात्र मिळतो.

या दृष्टीने आपल्या घरोघर कुत्र्याचे शिक्षण चालूच असते. फक्त ते कोणी योजलेले नसते. आपल्याकडे कुत्र्याच्या भाषेत तीन शब्द आहेत : ‘यू यू’, ‘हाड’ आणि ‘छू’. ‘यू यू’ म्हटले की जवळ यायचे. पण जवळ आल्यावर कधी भाकरीचा तुकडा मिळतो, कधी साखळी अडकवली जाते, तर कधी पाठीत काठी बसते. तेव्हा कुत्रा चार हातांवर उभा राहून विचार करतो, आणि आपण म्हणतो, हा ऐकत नाही. ‘हाड’ म्हणजे जा. पण कोठे जा, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. उरला ‘छू’. तो मात्र घरातली पोरे हौसेने आणि चिकाटीने शिकवतात. डुकरावर छू, शेजारच्या मांजरावर छू, अनोळखी माणसावर छू. वर्षभराने तोच कुत्रा टपालवाल्याच्या पोटरीला धरतो तेव्हा आपण त्याला पिसाट म्हणतो. वस्तुतः तो आपल्या शाळेतला पहिल्या नंबराचा विद्यार्थी असतो.

घरच्या शिक्षणाची ही एक बाजू झाली. पण घरचे शिक्षण म्हणजे वाईटच असे नाही. उत्तम घरचे शिक्षण पाहायचे तर धनगराच्या वाड्यावर पाहावे. आपल्याच जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात ढवळपुरीचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणाकडे जात आले आहेत आणि पावसाच्या आधी परत येत आले आहेत. या बिऱ्हाडांबरोबर कुत्री असतात. त्यांना कोणी शाळेत घातलेले नसते. पिल्लू डोळे उघडते तेव्हापासून त्याच्याभोवती मेंढरे असतात. त्यांचा वास, त्यांचे ओरडणे, त्यांची ऊब यांत ते वाढते. मेंढराच्या मागे उगाच धावले तर मेंढी ढुशी देते आणि धनी खेकसतो. रात्री जुनी कुत्री लांडग्याची चाहूल लागताच कोणत्या दिशेला धावतात, केव्हा नुसती गुरगुरतात आणि केव्हा उठतही नाहीत, हे ते पिल्लू पाहत असते. आपण गोऱ्ह्याला शिकवताना जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतो, त्यातलाच हा प्रकार. जुना बैल निम्मे शिकवतो, निम्मे मालक शिकवतो.

परंतु या शाळेचे मर्म दुसरीकडे आहे. धनगर आणि त्याचा कुत्रा चोवीस तास एकत्र असतात. धन्याचे काम तेच कुत्र्याचे काम. आपल्या घरी तसे असते काय? घरचे लोक सकाळी शेतावर, शाळेत, कचेरीत जातात. कुत्रा साखळीला. संध्याकाळी एकजण त्याला भाकरी टाकतो, दुसरा फिरवतो, तिसरा ओरडतो. एकाने सोफ्यावर घ्यायचे, दुसऱ्याने त्याच सोफ्यावरून हाकलायचे. जेथे पाच गुरुजी आणि पाच अभ्यासक्रम, तेथे विद्यार्थी बिचारा काय करील? म्हणून कित्येक लोक हात टेकतात आणि म्हणतात, आपल्याच्याने होणे नाही, शाळेत पाठवू.

आता शाळेची बाजू पाहू. कुत्र्यांच्या पद्धतशीर शिक्षणाचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीत कॉन्राड मोस्ट यांनी पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणावरील आपले पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. पुढे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतच ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. भारतात सीमा सुरक्षा दलाचे कुत्र्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे १९७० साली सुरू झाले. लष्कराचे कुत्रे मेरठला शिकतात. आणि आपल्या राज्याच्या पोलिसांचे श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यास शिवाजीनगरला, गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे.

याच पुण्याच्या केंद्रात शिकलेला ‘झंजीर’ नावाचा लॅब्रॅडॉर डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला. तीनच महिन्यांनी, मार्च १९९३ मध्ये, मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्या काळात झंजीरने नाकाच्या बळावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिल्याची नोंद आहे. किती माणसांचे प्राण त्यामुळे वाचले, याचा हिशेब कोणाला करता येणार? नोव्हेंबर २००० मध्ये हाडाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. शाळेने काय होऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण देता येणार नाही. हे काम घरच्या अंगणात शिकवून होणारे नव्हे.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग झाले तर, शाळाच श्रेष्ठ. पण श्रोतेहो, या शाळांची एक गोष्ट आपण नीट पाहिली पाहिजे. पोलिसांचा कुत्रा शाळेत एकटा जात नाही. त्याच्याबरोबर त्याचा हस्तक जातो. कामाच्या प्रकाराप्रमाणे सुमारे सहा ते नऊ महिने शिक्षण चालते, आणि तेवढे दिवस तो शिपाईही विद्यार्थीच असतो. कुत्र्याने कान टवकारले म्हणजे काय, वास सापडल्यावर तो कसा थांबतो, थकल्यावर शेपूट कशी धरतो, हे तो शिकतो. शिक्षण संपले की तीच जोडी कामाला लागते. पुढेही रोजचा सराव सुटत नाही. झंजीरने वास घेतला हे खरे, पण त्याच्या हालचालीचा अर्थ वाचणारा माणूस साखळीच्या दुसऱ्या टोकाला नसता, तर त्या वासाचा उपयोग काय होता?

वाटाड्या कुत्र्यांचीही हकीकत तशीच आहे. अमेरिकेत मॉरिस फ्रँक नावाचा एक अंध तरुण होता. स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांना शिक्षण देणाऱ्या डोरोथी युस्टिस या बाईंचा १९२७ साली प्रसिद्ध झालेला लेख त्याला कळला, आणि त्याने त्यांना पत्र लिहिले. बाईंनी कुत्रा शिकवून आगबोटीने त्याच्याकडे धाडून दिला नाही. त्यालाच समुद्र ओलांडून १९२८ साली स्वित्झर्लंडला यावे लागले. तेथे ‘बडी’ या कुत्रीबरोबर तो चालायला शिकला, तिच्यावर विश्वास टाकायला शिकला, आणि मग तिला घेऊन परत गेला. १९२९ साली अमेरिकेत ‘सीइंग आय’ ही शाळा त्यातूनच निघाली. कुत्री आधीच शिकलेली होती. तरीही माणूस शिकल्यावाचून ती त्याच्या उपयोगाची नव्हती.

आमच्या म्हणण्याचा गाभा तो हाच. जगातल्या सर्वांत कसलेल्या शाळा एकट्या कुत्र्याला शिकवीत नाहीत. त्या जोडीला शिकवतात. मग महिनाभर कुत्रा ठेवून घेऊन ‘पूर्ण शिकवून’ परत देण्याची हमी जो देतो, तो टेकनपूरला आणि पुण्याला जे साधत नाही ते साधल्याचा दावा करतो, असे म्हणावे लागेल. असा कुत्रा शाळेच्या मैदानावर, शिक्षकाच्या आवाजाला, उत्तम बसतो आणि उठतो. घरी आल्यावर आठ दिवस ते टिकते. नंतर तेच अंगण, तीच साखळी, तोच ‘छू’, आणि पाच माणसांच्या पाच तऱ्हा. कुत्र्याला जागा कळते, माणूस कळतो. तो शाळेतला धडा शाळेतच ठेवून येतो. मग तो ना धड शिकलेला, ना धड आपला. धोब्याचे कुत्रे, घरचे ना घाटचे, म्हणतात ते हेच. शिवाय पाठीमागे त्याला काय खाऊ घातले आणि किती मारले, हे तो सांगू शकत नाही.

म्हणून ‘घरी की शाळेत’ हा प्रश्न आम्ही जरा फिरवून मांडतो. शिकायला कोण बसणार, कुत्रा एकटा की घरातले कोणीतरी त्याच्याबरोबर? हे एकदा ठरले की बाकीचे बरेच सोपे होते.

शाळेची किंवा जाणत्या शिक्षकाची मदत केव्हा घ्यावी? कुत्रा एकदा जरी कोणाला चावला असेल, तर घरगुती प्रयोग करू नयेत. आधी पशुवैद्याला दाखवावे, कारण दुखणाऱ्या कानामुळे किंवा सांध्यामुळेही जनावर चावते; नंतर शिक्षकाला. घरात पहिल्यांदाच कुत्रा येत असेल आणि जात मोठ्या ताकदीची असेल, तर सुरुवातीपासूनच मार्गदर्शन घ्यावे. कुत्रा माणसांना किंवा दुसऱ्या कुत्र्यांना भिऊन कोपऱ्यात बसत असेल, तरी घ्यावे. याशिवाय साध्या घरगुती कुत्र्याला, साध्या घरगुती शिस्तीसाठी, रोज वेळ देणारे एक माणूस आणि घरात एकमत, एवढे भांडवल पुरते.

शाळा पाहायला गेलात तर बाजारात बैल पाहता तशी पाहा. पहिला प्रश्न : आम्हांला शिकवताना शेजारी उभे राहता येईल काय? ‘मालक असला की कुत्रा लक्ष देत नाही’ असे उत्तर मिळाले, तर तेथून उठावे. दुसरे, तेथे आधीपासून असलेले कुत्रे कसे आहेत ते पाहावे. शिक्षक जवळ येताच शेपूट हलते, की पोटाखाली जाते? बैलाच्या अंगावरचे पराणीचे वळ पाहून आपण त्याच्या धन्याची परीक्षा करतो. तीच रीत येथे. तिसरे, खाऊ देऊन, शाबासकी देऊन शिकवतात, की काटेरी पट्टा आणि काठी यांवर भिस्त आहे? काही लोकांना वाटते, माराशिवाय जनावर वळत नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये ३६४ कुत्रे पाळणाऱ्यांकडून माहिती घेऊन याचा अभ्यास झाला. जेथे बक्षिसावर भर होता तेथे कुत्री अधिक आज्ञाधारक असल्याचे मालकांनी सांगितले. जेथे शिक्षा अधिक होती तेथे खोडी अधिक आढळल्या. आता खोडकर कुत्र्यालाच मार जास्त बसत असेल, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. पण माराने खोडी गेल्या नाहीत, एवढे तरी त्यातून दिसतेच.

आता घरच्या शाळेकडे वळू. पहिली गोष्ट वयाची. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जग आपले की परके, हे त्याच्या मनात ठरते, असे त्यांना आढळले. या काळात ज्या प्रकारची माणसे, जनावरे आणि आवाज त्याने भीतीवाचून पाहिले, ते पुढे त्याला सहसा शत्रू वाटत नाहीत. धनगराला हे ग्रंथ न वाचता ठाऊक होते. आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू आईजवळ राहावे. २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे तर पैदास करणाऱ्याला त्याआधी ते विकताच येत नाही. आल्यावर लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावरच्या घाणीत सोडू नये, पण कडेवर घेऊन जग अवश्य दाखवावे. ट्रॅक्टरचा आवाज, वरातीचा ताशा, डोक्यावर भारा घेतलेली बाई, काठी टेकणारे आजोबा, गणवेशातली मुले, हे सर्व. आणि शनिवारचा बाजारही, पण दुरून.

धडे थोडेच हवेत. आपले नाव ओळखणे. बोलावले की येणे. बसणे आणि थांबणे. तोंडातली वस्तू सोडणे. दोरीला न ओढता चालणे. अंगाला, कानाला, पायाला हात लावू देणे. आणि काही वेळ न रडता एकटे राहणे. एका वेळी पाच मिनिटे पुरेत, दिवसातून दोन-तीनदा. खाऊ म्हणजे विकतची बिस्किटेच हवीत असे नाही. त्याच्याच जेवणातला भाकरीचा बोटभर तुकडा चालतो. घरातल्या सर्वांनी शब्द एकच वापरावा. एकाने ‘ये’, दुसऱ्याने ‘इकडे’ आणि नातवाने ‘कम’ म्हटले, तर ते तीन शब्द होतात. आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा : बोलावून कधी मारायचे नाही. ज्या कुत्र्याला बोलावण्यात धोका वाटत नाही, तो रस्त्यावर ट्रक येत असताना हाक ऐकून मागे वळतो. त्याचा जीव त्या एका धड्यावर असतो.

काही धडे मात्र कोणत्याही शहरी शाळेत मिळायचे नाहीत, कारण ते आपल्या भागाचे आहेत. पहिला गोठ्याचा. गाभण गाईमागे किंवा शेळ्यांमागे धावायचे नाही, हे पिल्लूपणीच, दोरी हातात धरून, रोज गोठ्यात बसवून शिकवावे. बाजाराच्या दिवशी दावणीला बांधलेल्या बैलांत मोकळा कुत्रा शिरला तर काय होते, ते काष्टीकरांना सांगायला नको. त्या दिवशी कुत्रा घरी बांधावा, किंवा दोरीवर असावा.

दुसरा धडा रात्रीचा. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आता नवा राहिलेला नाही. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून त्याच्या खाण्याचा हिशेब मांडला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाद्यात सुमारे ८७ टक्के वाटा गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या-वासरांपेक्षाही कुत्र्यांचा वाटा मोठा होता. तेव्हा राखणीसाठी म्हणून रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा राखण करीत नाही. तो पळूही शकत नाही, आणि बिबट्याला दाराशी येण्याचे निमित्त मात्र होतो. त्याच दारातून पहाटे लहान मूल बाहेर पडते, हे ध्यानात ठेवावे. दिवेलागणीला बोलावताच आत येणे आणि बंद पडवीत किंवा गोठ्यात रात्रभर राहणे, ही सवय कुत्र्याला लावली पाहिजे. आतून भुंकला तरी घरधनी जागा होतोच.

साखळीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. अनेकांना वाटते की शिकवायला वेळ नाही, तर बांधून ठेवू. म्हणजे प्रश्न मिटला. तो मिटत नाही, वाढतो. सदा बांधलेला कुत्रा तापट होतो, आणि ज्या दिवशी कडी निसटते त्या दिवशी त्याच्यासमोर बहुधा लहान मूलच असते. कायद्यानेही हे पाहिले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात जनावराला अवाजवी काळ फार आखूड किंवा फार जड साखळीने बांधणे हा गुन्हा आहे. एवढेच नव्हे, तर नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात हयगय करणे, हेही मालकाच्या अपराधांत स्वतंत्रपणे घातले आहे.

आणि शेवटचा धडा मुलांचा. कुत्र्याला शिकवताना मुलांना वगळू नका, पण त्यांच्यावर सोपवूही नका. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले अंगावर असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अनोळखी कुत्रा जवळ आला तर पळायचे नाही, स्थिर उभे राहायचे. हे मुलांनी शिकले पाहिजे. भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही म्हण त्यांना शिकवू नका, भुंकणारेही चावतात. ‘छू’ हा शब्द तर घरातून हद्दपार करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी १८ ते २० हजार माणसे रेबीजने मरतात, आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा आहे. हा रोग एकदा उघड झाला की जवळजवळ उपाय नाही. आधी मात्र खात्रीचा उपाय आहे. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यापासून लस आणि नंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. माणसाला कुत्रा चावला किंवा त्याच्या दातांचा ओरखडा उठला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मिरची, चुना, हळद लावीत बसू नये. घरचा कुत्रा आहे, काही होत नाही, असेही म्हणू नये.

सज्जनहो, आमचा वेळ संपत आला. घर श्रेष्ठ की शाळा, याचा निकाल एका वाक्यात मागाल, तर तो असा देतो : घर हे कुत्र्याचे कायमचे विद्यालय आहे आणि शाळा ही मालकाची शिकवणी आहे. ज्याला शिकवणीची गरज आहे त्याने ती संकोच न करता घ्यावी. पण स्वतः जाऊन घ्यावी. पैसे देऊन दुसऱ्याकडून बैल वळवून घेता येईल, नांगरही धरवता येईल. कुत्र्याचा विश्वास मात्र दुसऱ्याकडून मिळवून आणता येत नाही. तो ज्याच्या हातून मिळतो त्याच्याशीच बांधलेला राहतो. म्हणून कुत्र्याचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर घाला, किंवा कोणत्याच घालू नका. पण जेथे घालाल तेथे त्याच्या नावापुढे आपलेही नाव घाला. पटावर दोन नावे असली तरच ती शाळा.